पाटोद्यावरचा बर्फ

आधी शब्बीरभाईंचं नाव लिहितो, मग बाकीचं. शब्बीरभाई कुल्फीवाले, मुक्काम पाटोदा, जिल्हा बीड. त्यांच्या मागोमाग त्यांच्या घरच्या रेहानाभाभींचं, आणि वडवणीच्या अलीकडच्या एका वाडीतल्या कौसाबाईंचं. ही तीन माणसं भेटली नसती तर मी आज शिरोड्याजवळच्या आमच्या घरी पडवीत बसून हे लिहीत नसतो. म्हणजे पडवीत बसलो असतो, पण तोंड लपवून.

मी सातवीत शाळा सोडली. लिहायची सवय नाही. पण परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "बीडाक काय बघलंस रे? थंय काय आसा?" प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी तिथे बर्फ बघितला. मे महिन्यात. हसू नका, पुढे वाचा.

आंबोलीहून सुरुवात

माझा मासळीचा टेम्पो. वेंगुर्ल्याहून मासळी भरायची आणि घाट चढून वर पोचवायची, हा धंदा. मागच्या पावसाळ्यात आंबोलीला ढगांचा अभ्यास करणारी काही मंडळी आली होती. त्यांच्या प्रमुख सुनंदा मॅडम. त्यांची गाडी घाटात बंद पडली, सामान मी वर नेऊन दिलं आणि मग पावसाळाभर नेतच राहिलो.

आमच्याकडे पाऊस कसा पडतो हे कुणी विचारत नाही. तो पडतो. आंबोलीत तर ढग डोक्यावर नसतो, अंगावर असतो. चहाच्या टपरीत येऊन बसतो. पण मॅडमनी मला तिथे पहिल्यांदा सांगितलं की समुद्राच्या लाटा फुटतात तेव्हा मिठाचे बारीक कण हवेत जातात, त्या कणांवर वाफ बसते आणि ढगातला थेंब होतो. हा थेंब इतका बारीक, की असे लाखोंनी एकत्र आले तेव्हा कुठे पावसाचा एक थेंब होतो. जो जरा मोठा असतो तो जड होऊन खाली येऊ लागतो, वाटेतल्या लहानांना धडकतो, त्यांना पोटात घेतो आणि आणखी मोठा होतो. आमच्याकडचे ढग बुटके, पण ओलाव्याने गच्च. त्यांना एवढं पुरतं.

माझं घर मिठागरांच्या शेजारी. आपल्या पायाला लागणारं मीठ आभाळातही कामाला येतं, हे ऐकून मला उगाच बरं वाटलं होतं.

मे महिन्यात मॅडमचा फोन आला. "गुरुनाथ, आता बीडला जायचंय. तिकडचे ढग वेगळे आहेत. टेम्पो घेऊन येशील का?"

हंगाम आंब्यांचा, मासळीही चांगली. पण खरी अडचण ती नव्हती. मला भीती वाटली. आंबोली म्हणजे घरच्या अंगणासारखं. तिकडे कोण ओळखीचं? आणि शिकलेल्या माणसांत राहताना मला सारखं वाटत असतं की आज ना उद्या यांच्या लक्षात येईल, या माणसाला आपण कशाला घेतलंय? तरी गेलो. मॅडमना नाही म्हणता येत नाही, त्या इतक्या सरळ विचारतात.

मांजरांचं लगीन

घाट चढून देशावर आलो की हिरवा रंग मागे राहतो, हे ठाऊक होतं. पण पाटोद्याच्या बाजूला बालाघाटच्या माळांवर पोचलो तेव्हा आभाळच एवढं मोठं दिसलं की गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ नुसता बघत राहिलो. आमच्याकडे आभाळ माडांच्या फटीतून दिसतं. इथे एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला ढग, तिसरीकडे धुळीची वावटळ, सगळं एकाच वेळी आणि सगळं स्पष्ट.

पाटोद्यात एसटी स्टँडजवळ टेम्पो लावला आणि चहा प्यायला गेलो. परत येतो तर टेम्पोभोवती मांजरं. चाकावर, टपावर, मागच्या फळीवर. गाडी मी दोनदा धुतली होती, पण मासळीचा वास लाकडात मुरलेला. मी हुसकावतोय, ती जात नाहीत, लोक जमलेले. समोरच्या कुल्फीच्या दुकानातून एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस कमरेवर हात ठेवून बघत होता.

"काय आणलंय गाडीत, भाऊ? मांजरांचं लगीन हाय का?"

सगळे हसले. मी आणखी एक मांजर उचलून खाली ठेवलं. म्हटलं, "काही नाही हो. कोकणातली गाडी आहे. मासळीची."

"मंग वऱ्हाड बरोबर जमलंय की!" असं म्हणून तो आत गेला आणि लिंबांच्या साली, खडेमीठ आणि कुल्फीच्या पिंपातलं वितळलेलं गार पाणी घेऊन आला. स्वतः बाह्या वर करून माझ्याबरोबर टेम्पोची फळी घासू लागला. ओळख नाही, पाळख नाही. मी म्हटलं, "तुम्ही कशाला?" तर म्हणाला, "माज्या दुकानासमोर हाय ना गाडी. मांजरं दुधावर आली मंग?"

हे शब्बीरभाई. फळी घासून झाल्यावर त्यांनी मूठभर खडेमीठ उरलं होतं ते दाखवून विचारलं, "हे कुटनं येतं, ठाऊक हाय का?"

मी म्हटलं, "आमच्या दारातून."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्या दिवसापासून मला 'कोकणी भाऊ' हे नाव पडलं. पहिली कुल्फी त्यांनी तशीच खायला लावली. आटवलेल्या दुधाची, वेलची घातलेली, जिभेवर जरा चिवट. एवढी चांगली कुल्फी मी आजवर खाल्ली नव्हती.

पोचलाच नाही

मॅडमचा मुक्काम गावाबाहेर एका रिकाम्या इमारतीत होता. तिथून फुगे सोडायचे. मोठा पांढरा फुगा, खाली कापडी छत्री, त्याखाली थर्माकोलची पेटी आणि पेटीत कॅमेरा. फुगा ढगातून वर जातो, कॅमेरा ढगातल्या एकेका कणाचे फोटो काढतो, वर खूप उंच गेल्यावर फुगा फुटतो आणि पेटी छत्रीने खाली येते. पेटी कुठे पडली ते सांगणारं एक यंत्र तिच्यात असतं. ती शोधून आणणं हे माझं काम. फोटो आतल्या चिपवरच राहतात, म्हणून पेटी आली तरच काम झालं. कॅमेऱ्याची पेटी एकच होती. मॅडमनी ती दोन वर्षं खपून स्वतःच्या हाताने जुळवलेली.

पण ढग हवा होता, उंच वाढणारा. त्याची वाट बघण्यात बरेच दिवस गेले. सकाळी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. ते उकळत्या पाण्यात टाकलं की आमटी तयार. भात नाही, मासा नाही, नारळ तर नाहीच. पहिले दोन दिवस मी पोटातून रडलो. मग सवय झाली, आणि आता घरी आल्यावर आईला येसर समजावून सांगतोय.

एका दुपारी माळावर ढग आला. त्याच्या पोटातून करड्या झिपऱ्या खाली लोंबत होत्या. मी ओरडलो, "मॅडम, पाऊस!" टेम्पोवर ताडपत्री ओढली. पाऊस आलाच नाही. झिपऱ्या अर्ध्यातच विरून गेल्या.

शब्बीरभाई कुल्फी घेऊन आले होते. ते म्हणाले, "ताडपत्री काढ, भाऊ. हे आमच्याकडं रोजचं हाय. निघतो, पन पोचत न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "बरोबर. खालची हवा इतकी कोरडी आहे की थेंब वाटेतच वाळतो. राजस्थानात असंच होतं, वाळवंटांत जगभर असंच होतं. वर पाऊस पडलेला असतो, खाली कुणाला पत्ता नसतो."

शब्बीरभाई वर बघत होते. "म्हंजे आमच्यावर रुसलाय असं नव्हं. वाटेत सुकतोय बिचारा."

मग मॅडमनी ते सांगितलं, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो. इथले ढग जमिनीपासून खूप वर सुरू होतात आणि तिथून पुढे मनोऱ्यासारखे चढतात. वर कडाक्याची थंडी. तिथल्या थेंबांना बर्फ व्हायला हवं, पण थेंब स्वच्छ असला तर बर्फापेक्षा गार होऊनही तो पाणीच राहतो. त्याला कशावर तरी गोठायला आधार लागतो, धुळीचा एखादा कण. तो मिळाला की बर्फाचा स्फटिक होतो, आणि मग तो आजूबाजूच्या थेंबांची वाफ ओढून घेत वाढत जातो. जड झाला की खाली येतो. वाटेत हवा गरम लागली की वितळून पाऊस. शेवटपर्यंत थंड लागली की हिम.

"म्हणजे हिमालयात पडतं तेच?" मी विचारलं.

"तेच. जगात जमिनीवर जो पाऊस पडतो त्यातला बराचसा वर बर्फ म्हणूनच जन्मतो. सैबेरियात तो तसाच पोचतो, पाटोद्यात वितळून पोचतो. तुझ्या कोकणात मात्र बऱ्याचदा बर्फाशिवाय काम भागतं."

शब्बीरभाईंनी मान हलवली. "मॅडम, रागावू नका. बर्फात माजी उमर गेली. पानी गार झालं की बर्फ होतं. गार हाय आनि पानीबी हाय, हे डोक्यात जात न्हाई."

मॅडम रागावल्या नाहीत, उलट खूश झाल्या. "तुमच्याच पिंपात करून बघू."

दुसऱ्या दिवशी दुकानात सगळे जमलो. पिंपात फोडलेला बर्फ, त्यात आमच्याकडचं खडेमीठ. मिठाने बर्फ आणखी गार होतो, त्याच्यावरच कुल्फी जमते. मॅडमनी पाण्याच्या बंद बाटल्या त्यात हलक्या हाताने पुरल्या आणि कुणालाही पिंपाला धक्का लावू दिला नाही. पहिली बाटली काढली तर ती दगडासारखी गोठलेली. शब्बीरभाईंनी माझ्याकडे बघून डोळा मारला. दुसरी मात्र काढली तेव्हा आत पाणी, स्वच्छ, हलणारं. मॅडमनी झाकण उघडून बर्फाचा थोडा चुरा आत टाकला.

चुरा पडला तिथून पांढऱ्या सुया फुटल्या, बघता बघता खाली धावल्या आणि सगळी बाटली दुधासारखी पांढरी झाली.

शब्बीरभाई एक पाऊल मागे सरले. "या अल्ला!" मग लगेच, "परत करा. रेहानाला बोलवतो. ए रेहाना, कामं सोड आनि भाईर ये!"

उरलेल्या सगळ्या बाटल्या त्या दिवशी संपल्या. स्टँडवरचे कंडक्टरसुद्धा येऊन बघून गेले.

हिरवी पट्टी

ढग आला तो मे संपत आल्यावर. दुपारी पश्चिमेला फुलकोबीसारखा वाढायला लागला आणि मॅडम म्हणाल्या, "हाच." धावपळ सुरू झाली. मी गॅसच्या टाक्या उतरवल्या, फुगा भरायला घेतला. पेटीवर शेवटची चिकटपट्टी गुंडाळायची, तर चिकटपट्टी संपलेली. शब्बीरभाई तिथेच होते. त्यांनी सायकलच्या पिशवीतून कुल्फीच्या पेट्यांना लावायची आपली हिरवी पट्टी काढून दिली, रुंद, पोपटी रंगाची. मी ती पेटीभोवती दोनदा गुंडाळली. मॅडमचा पत्ता आणि फोन लिहिलेला कागद वरून चिकटवला. फुगा सुटला आणि भराभर चढून ढगात गडप झाला.

त्यानंतर जे आलं ते मी जन्मात बघितलं नव्हतं. आधी वारा, मग धूळ, मग टपावर खडे पडल्याचा आवाज. मला वाटलं कुणीतरी दगड मारतंय. मी टेम्पोखाली घुसलो. शब्बीरभाई डोक्यावर घमेलं धरून बाहेर उभे राहून हसत होते.

"भाईर ये बे, कोकणी! गारा हायेत. खायच्या असत्यात."

थांबल्यावर माळ पांढरा झाला होता. बायका ताटं घेऊन बाहेर आल्या. मॅडमनी शब्बीरभाईंच्या सुरीने एक मोठी गार मधोमध कापली. आत कांद्यासारखी कडी होती, एक धूसर, एक काचेसारखं. म्हणाल्या, "ही ढगात बराच वेळ वर तरंगत राहिली. पाण्याचे थेंब तिच्यावर येऊन गोठत गेले, थरावर थर." मी गार तोंडात टाकली. चव मातीची होती. मॅडम म्हणाल्या, "आतला धुळीचा कण कदाचित इथल्याच रानातला असेल. वर जाऊन परत आला."

तेवढ्यात त्यांनी आपल्या यंत्राकडे बघितलं आणि सुरी खाली ठेवली. पेटीचा संदेश ढगातच तुटला होता. शेवटची जागा वडवणीच्या दिशेला दाखवत होती, पण त्यानंतर पेटी कितीतरी वाहत गेली असेल.

"गारांनी एरियल मोडलं असेल," त्या म्हणाल्या. "गुरुनाथ, पेटी नाही मिळाली तर यंदाचं काम गेलं. पावसाळा आठवड्यावर आलाय. पुढच्या हिवाळ्यात हिमालयात असेच फुगे सोडायला मुक्काम करायचा की नाही, ते सगळं या फोटोंवर ठरणार आहे."

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर सोपं गेलं असतं.

वडवणीच्या वाटेवर

सकाळी टेम्पो काढला तर शब्बीरभाई दारात उभे. दुकान बंद.

"अहो, लग्नसराई चालू आहे तुमची," मी म्हटलं.

त्यांच्याकडे मे महिना म्हणजे वर्षाची कमाई. ऊसतोडीला गेलेली माणसं उन्हाळ्यात गावी परत येतात, म्हणून लग्नं याच दिवसांत, आणि आता गावोगावच्या लग्नांत काडीची कुल्फी लागते. ती थर्माकोलच्या पेट्यांतून जाते आणि जीपवाले रिकाम्या पेट्या परत आणून टाकतात.

"रेहाना बघंल. तुला कोन वळखतंय तिकडं? तू लोकांना म्हननार, आभाळातनं पेटी पडली, कॅमेरा हाय आत. लोक म्हनतील पोलिसाला बोलवा. माजी कुल्फी खाल्लेली मानसं हायेत सगळी."

आणि खरोखर तसंच होतं. मांजरसुंब्याचा घाट उतरून पुढे गेलो, बीड मागे टाकलं, आणि मग वाडीवाडीला गाडी थांबवत गेलो. प्रत्येक ठिकाणी आधी शब्बीरभाईंची चौकशी, मग गूळ-पाणी, मग आमचं काम. आमच्याकडे परका माणूस पायरीशी आला की आधी विचारतात, कोणाकडचा तू? इथे आधी बसवतात. पाणी किती लांबून आणलंय हे दिसत असतं, तरी तांब्या काठोकाठ भरलेला असतो. मी अर्धाच पिऊन खाली ठेवायला लागलो, तर एक आजोबा म्हणाले, "कावून ठेवलं? आमचं पानी गोड लागंना का?" तेव्हापासून सगळीकडे तांब्या संपवला.

पेटी मात्र नाही. एकाने सांगितलं, रात्री आभाळात लाल दिवा बघितला. दुसऱ्याने सांगितलं, पेटी पडली पण ती सरकारची माणसं घेऊन गेली. कुणाची द्राक्षाची जाळी फाटली होती ती दाखवली. संध्याकाळी मी टेम्पोत बसून नुसता स्टिअरिंगकडे बघत राहिलो. डोक्यात एकच चाललं होतं: मॅडमनी दोन वर्षं घालवली आणि शेवटी ती पेटी आणायला सातवी नापास माणूस पाठवला.

शब्बीरभाईंनी माझ्याकडे न बघता विचारलं, "जेवलास का?"

"भूक नाही."

"भूक इचारली न्हाई. जेवलास का?"

रात्री त्यांच्या ओळखीच्या घरी थांबलो. दुसऱ्या दिवशी दुपारी वडवणीच्या अलीकडे एका वाडीत पोचलो. घरापुढे खाटांवर धोतरं पसरलेली आणि त्यांवर पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत घातलेल्या. उन्हाळ्यात त्यांच्याकडे सगळ्या बाया मिळून गव्हाच्या चिकाच्या कुरडया करतात. एक धिप्पाड बाई काठी घेऊन कोंबड्या हाकत होत्या.

"या शब्बीरभाई! लगीन झालं तवापासनं तोंड दाखवलं न्हाई."

या कौसाबाई. त्यांच्या पोरीच्या लग्नात शब्बीरभाईंनीच कुल्फी दिली होती. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी आमची सगळी कहाणी ऐकली, हळहळल्या, मान हलवली.

"न्हाई बा. आमच्याकडं आभाळातनं गाराच पडल्या. ह्या कुरडयांचा पयला घाणा गेला सगळा. दुसरं काय पडलं न्हाई." मग उठता उठता म्हणाल्या, "तुमची ती पेटी पोचली नव्हं?"

"कोनची पेटी?"

"अवो तुमची. लग्नातली एक ऱ्हायली व्हती वाटतं हितंच. वाऱ्यानं उडून बाभळीत अडकली. एक फाटकं फडकं गुतलं व्हतं तिला. हिरवी पट्टी बघितली अन् म्हनलं, ही शब्बीरभाईचीच. काल जीपमदी धाडली."

शब्बीरभाई खाटेवरून उठले. "माज्या पेट्या तर मी सगळ्या नेल्यात, कौसाबाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

मी विचारलं, "तिच्यावर कागद होता का, मावशी?"

"असंल. लगदा झालता. धुताना निघून गेला."

"धुताना?" मी ओरडलो. "पेटी धुतली?"

"मंग? लगीनघरची पेटी चिखलाची धाडू व्हय? हापशावर नेऊन साबनानं धुतली. अन् रिकामी कशी धाडायची, म्हनून वर डब्यातल्या वाळल्या कुरडया भरून दिल्या."

मी खाली बसलो, कोंबड्यांच्या मधे. शब्बीरभाईंनी मात्र हळूच विचारलं, "कौसाबाई, आत काय व्हतं का?"

"व्हतं की. तुमचं थंड करायचं मशीन! मी ह्यांला म्हनलं बी, शब्बीरभाई लई पुढं गेला, पेटीतच मशीन बसवलं. ते आदी काढलं बाजूला. मशीनला पानी लागलं तर बिघडंल, मला काय कळत न्हाई? कोरड्या फडक्यानं पुसलं, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं अन् कुरडयांच्या खाली घातलं."

शब्बीरभाई हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मला हसता येईना. रेहानाभाभींना फोन लावला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

पिंप, फडताळ, पेटी

परतीचा रस्ता मला आठवत नाही. आम्ही पाटोद्यात पोचलो आणि अंगणात धावत गेलो. जिथे रिकाम्या पेट्यांचा ढीग असतो तिथे एकही पेटी नव्हती.

भाभी चूल सारवत होत्या. "पेट्या? आष्टीच्या लग्नाला गेल्या. सकाळीच कुल्फ्या भरून धाडल्या. फोन? तो चार्जिंगला हाय शेजारी, लाईट न्हाई आपल्याकडं."

"एका पेटीत कुरडया होत्या..." माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"त्या डब्यात भरल्यात. तळून ठेवलंय, खा."

"आनि खाली काय व्हतं?" शब्बीरभाईंनी विचारलं.

"ते मशीन व्हय? फडताळात ठेवलंय. तुमी न सांगता नवीन मशीन आनलं, मी कावून हात लावू त्याला? चालू केलं अन् फुटलं म्हंजे?"

त्यांनी फडताळ उघडलं. कपबशांच्या मागे, जांभळ्या लुगड्याच्या तुकड्यात, कॅमेरा. बाजूच्या फटीत चिप जागच्या जागी. मी तो दोन्ही हातांत धरून मॅडमकडे नेला, टेम्पोने नाही, चालत. खड्ड्यांचा भरवसा नव्हता.

मॅडमनी चिप यंत्राला लावली. आम्ही सगळे मागे उभे होतो, भाभीसुद्धा, डोक्यावरचा पदर धरून. आधी काळं. मग करडं. मग पाण्याचे थेंब, गोल, शेकड्यांनी. आणखी वर एकाच फोटोत थेंब आणि बर्फ शेजारी शेजारी. मॅडमनी तो मोठा करून बघितला. त्याहून वर सुया, षटकोनी काचेसारख्या चकत्या. आणि मग एक चांदणी. सहा हातांची, प्रत्येक हाताला बारीक फांद्या, कुणी सुईने विणल्यासारखी.

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "हा हिमाचा तुकडा आहे. परवा दुपारी तुमच्या गावावर पडत होता."

शब्बीरभाई खुर्चीच्या पाठीला धरून वाकून बघत होते. "ह्याच गावावर?"

"ह्याच."

"खाली आम्हाला घाम फुटलाय आनि वर हे चाललंय." त्यांनी बोट त्या चांदणीजवळ नेलं. मग हळू म्हणाले, "बर्फ मी रोज फोडतो, मॅडम. लादी आनतो, फोडतो, मीठ टाकतो. पन पडताना कदी बघितला न्हाई. हातावर पडला तर असाच दिसतो का? हे सहा हात?"

"थंड हातमोज्यावर घेतला तर अगदी असाच. उघड्या तळहातावर लगेच वितळतो."

"मंग बरंच हाय," शब्बीरभाई म्हणाले, "माजा हात तसाबी गारच असतो."

मॅडमनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं की हिमालयातला मुक्काम नक्की, आणि टेम्पो माझाच. मी म्हटलं, "मॅडम, मी सातवी..." त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. पहिल्या दिवशीच तू तीनदा सांगितलंस."

दोन दिवसांनी आष्टीहून पेट्या परत आल्या. आभाळातली पेटी त्यांच्यात होती, एक कोपरा उडालेला, हिरवी पट्टी शाबूत. ढगात जाऊन आलेल्या त्या पेटीतून आष्टीच्या वऱ्हाडाने कुल्फी खाल्ली होती, आणि त्यांनीही ती रिकामी पाठवली नव्हती. आत शेवया होत्या. मॅडम म्हणाल्या, कॅमेऱ्याला नवं घर करू, ही तुम्ही ठेवा. मी निघालो त्या सकाळी रेहानाभाभींनी त्या पेटीत शेवया, कौसाबाईंच्या कुरडया आणि येसराची पुडी भरली आणि टेम्पोत माझ्या शेजारी ठेवली. मी काही द्यायला गेलो तर शब्बीरभाईंनी माझा हात खिशातच दाबला.

"पेटी तेवडी परत धाड," म्हणाले. "लग्नाला लागती."

शब्बीरभाई, पेटी माझ्या पडवीत आहे. कुरडया संपल्या, आईला आवडल्या. पेटी मी हापशावर नाही, विहिरीवर धुतली, साबणानेच. हिवाळ्यात ती माझ्याबरोबर हिमालयात येईल आणि तिथे पडलेल्या ताज्या हिमाने भरून पाटोद्याला परत येईल. वाटेत वितळलंच, तर पुढच्या खेपेला पेटी घ्यायला मीच येईन आणि तिच्यासकट तुम्हाला वर घेऊन जाईन. तिथे तुमच्या तळहातावर ते सहा हात पडेपर्यंत आपण दोघं उभे राहू. रिकामी मात्र ती येणार नाही.